दहा हजार फुटांवरची अडखळ

मेकॅनिक वर्ना टॉल्बर्ट गॅरेजात बसून कुणाच्याच स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, दुखणं सांगत नसे. "वरती अडखळते ना? मग वरतीच बघू!" म्हणून गिऱ्हाइकावरच खेकसायची.

तिचं गिऱ्हाईक ऑरिन. त्याने टर्बोचे पाइप, प्लग, पंप, सगळं बदललं होतं. तरी दहा हजार फुटांवर वेगासाठी अंगठ्याने थ्रॉटल दाबला की गाडी दम खायची.

वर्नाने ती स्वतः चढावर नेली. एकदाही अडखळली नाही. मग ऑरिनला त्याच्या गाडीवर बसवून ती आपल्या गाडीवर शेजारून निघाली. गेल्या हिवाळ्यात जिथे बर्फाचा कडा कोसळून त्याचा भाऊ गाडला गेला, नेमक्या त्याच घळीपाशी ऑरिनचा अंगठा थ्रॉटलवरून सुटला.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

फटकळ वर्नाने घळीकडे पाहिलं आणि आपली गाडी त्याच्या पुढे घेतली.

"गाडी ठणठणीत आहे, बाबा. मी पुढे जाते. तू माझ्या चाकोरीतून ये."