हिरव्या मिरचीचा मलिदा

“नाचू की रडू, आधी ते सांग!” मावशी लाटणं उगारून विचारायच्या. पोळी टम्म फुगली तरी हेच, बस चुकली तरी हेच. उत्तराची वाट न बघता गिरकी घ्यायच्या. सत्तरीच्या बाईची ती गिरकी तुम्ही पाहिली असती, तर तुमचीही पोळी करपली असती.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानामागे आम्ही दोघी पोळ्या लाटायचो. त्या बोलायच्या, मी ऐकायची. मावशी मूळच्या अलिबागकडच्या, धर्माने ज्यू. लग्न होऊन जेरुसलेमला गेल्या, तिथे वीस वर्षं शिवणकाम केलं, मग मुलाकडे इथे शिकागोला आल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडे जेरुसलेमचा दिवस असतो; सदुसष्टच्या युद्धात इस्रायलने शहराचा अरब भाग घेतला, त्याचा. झेंडे, गाणी, मिरवणूक. त्या दिवशी मावशी निळी साडी नेसून यायच्या. मालक ओरडायचे, “मावशी, पोळ्या कॅन्सल केल्या का यार?”

“आज माझ्या गावाचा सण आहे. तुम्ही लाटा!”

पण मध्येच जेरुसलेमच्या मैत्रिणीला लावायला माझा फोन मागायच्या. त्यांचा कधी चार्ज नसायचा. तिकडे शिवणकामाला शेजारच्या मशीनवर बसणारी ही मैत्रीण अरब. शहर आमचंही आहे, असं तिच्या लोकांचं म्हणणं. तो दिवस त्यांच्या जिव्हारी लागतो. मावशी तिथे असताना एका वर्षी मिरवणूक तिच्याच गल्लीतून गेली. मावशी निळ्या साडीत झेंडा घेऊन नाचत होत्या. मैत्रिणीने वरून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

“थांबायला हवं होतं गं,” मावशी म्हणायच्या. “पाय थांबेनात.”

एरवी दोघी तासभर गुडघ्यांवर बोलत. त्या एका दिवशी मात्र ती फोन उचलत नसे. रिंग वाजून बंद पडली की मावशींची पोळी वाकडी व्हायची.

गेल्या वर्षी त्याच दिवशी त्यांनी प्रार्थनेला न्यायला दुकानातच, घरून आणलेल्या पातेल्यात पोहे भिजवले. साखर, ओलं खोबरं, वेलची घातली आणि खजूर आणायला गेल्या. हा त्यांचा देवापुढे ठेवायचा मलिदा. मला वाटलं, दडपे पोहे! मदत म्हणून मी कांदा, लिंबू, सहा हिरव्या मिरच्या घातल्या. वर फोडणीही दिली.

मावशींनी घास घेतला. डोळ्यांत पाणी. मी भिंतीला चिकटले. तेवढ्यात त्या पोट धरून हसायला लागल्या, हसत हसत खाली पिठातच बसल्या. “अगं, देवाला ठसका लावशील! व्हिडिओ काढ, पाठव तिला!”

मी पाठवला. दोन मिनिटांत तिचाच फोन. मावशींनी पडद्यासमोर मिरची धरली, त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि दोन्हीकडे दोन म्हाताऱ्या खिदळू लागल्या. मैत्रिणीच्या मागची खिडकी बंदच होती. तरी बाहेरचा ढोल ऐकू येत होता. मावशी प्रार्थनेला गेल्या नाहीत. ते पातेलं आम्ही संपवलं, सू सू करत.

मावशी या हिवाळ्यात गेल्या. मुलाने मैत्रिणीला कळवलं होतं.

परवा, जेरुसलेमच्या दिवशी, सकाळी माझा फोन वाजला. पडद्यावर ती. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. मी एक हिरवी मिरची उचलून दाखवली. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग उठली, खिडकी बोटभर उघडली आणि फोन खालच्या मिरवणुकीकडे धरला.

झेंडे, ढोल, नाचणारी गर्दी. तिकडे ती, इकडे मिरची धरून मी, त्या गर्दीत एक निळी साडी शोधत राहिलो.