दोन फोन आणि माझं तोंड

आमच्या घरात कोणालाही नवा फोन घ्यायचा असला की आधी मला विचारतात. कारण माझ्या तोंडावर कोड आहे.

तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? आहे. सांगते.

मी शाळेत होते तेव्हा ओठाच्या कडेला पहिला पांढरा ठिपका आला. मग दोन्ही डोळ्यांभोवती, मग हनुवटीवर, मग बोटांच्या टोकांना. दुखत नाही, खाजत नाही, माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला होत नाही. मलमं झाली, गोळ्या झाल्या, कुठल्याशा बाबाचा अंगारा झाला, आणि मग काकाच्या लग्नात माझ्या हातात कॅमेरा आला. "तू काढ गं फोटो, तुझा हात हलत नाही," काका म्हणाला. मी खूश! स्टेजसमोर उभी राहून अख्ख्या खानदानाला "जरा जवळ या, जरा जवळ या" म्हणत होते. त्यानंतर प्रत्येक बारशाला, मुंजीला, गणपतीला कॅमेरा माझ्याच हातात. एकदा मी आईला म्हटलं, मला पण यायचंय फोटोत. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, फोटो कोणी तरी काढायलाच लागतो ना."

झालं. विषय संपला. सांताक्रूझच्या आमच्या घरात अल्बमांनी भरलेलं कपाट आहे, त्यात मी कुठे आहे सांगू? आरे कॉलनीतल्या सहलीच्या एका फोटोत, उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा आलाय. तेवढीच मी.

काढता काढता शिकले मात्र चांगली. उगाचची नम्रता मला जमत नाही, त्यामुळे सरळच सांगते, मला फोटोतलं कळतं. रोल गेले, डिजिटल आले, तेही गेले आणि सगळा कारभार फोनवर आला, तेव्हा घरातले, ऑफिसातले, चारकोपला मी आता राहते त्या सोसायटीतले, सगळे मलाच विचारायला लागले. लोक दुकानात जाऊन मेगापिक्सेलचा आकडा विचारतात. आकडा मोठा की स्वारी खूश. अरे, भाजी घेताना दोन वांगी दाबून बघता आणि एवढा महागाचा फोन नुसता आकडा ऐकून घेता? मी काळी साडी बघते. काळ्यावरचे काळे काठ वेगळे दिसतात का? ताटातला भात पांढरा दिसतो की निळा? धावणारं पोर नीट येतं की त्याचं भूत येतं? हे बघितल्याशिवाय मी कोणाला हो म्हणत नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. माझ्या दादाची ही एकुलती एक. दादाने फोन केला, "फोटोग्राफर बिटोग्राफर काही नको, ते आपल्याला हलूच देत नाहीत. तू आहेस ना! आपण सगळ्यात वरचा फोन घेऊ. अँड्रॉइडच बघ, दुसरं आपल्याला झेपायचं नाही. तू सांगशील तो, पैसे मी देतो. साखरपुड्यानंतर तुलाच ठेव."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाजारात तेव्हा दोनच फोन बघण्यासारखे होते. नावं घेत नाही, कंपन्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? एकाला मी जाडा म्हणायचे, दुसऱ्याला, सडपातळ म्हणून, सडा. रविवारी रविवारी बोरिवलीच्या दुकानात जाऊन मी दोघांना पिळून काढलं. दुकानातला विक्रेता मला बघितलं की पाणी विचारायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पळायचा.

जाड्याची झूम म्हणजे कमाल. दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या पाटीवरची वेळ वाचता आली. दादाला तर वेडच लागलं, म्हणाला सांताक्रूझच्या घरावरून जाणारी विमानं घेईन. म्हटलं, रोज डोक्यावरून कान किटवत जातात, ती आणखी जवळ आणून काय करणार आहेस? भर उन्हात जाड्याची स्क्रीन स्वच्छ दिसायची. बॅटरी सकाळी भरली की रात्रीपर्यंत बघायला नको. पण वजन! एका हाताने धरून दहा फोटो काढले की मनगट बोंबलतं. शिवाय मागे कॅमेऱ्यांचा एवढा उंचवटा, की टेबलावर ठेवून टाइप करायला गेलं की डुगडुगतो. आत एक पेन दिलंय, ते कोण वापरतं देव जाणे.

सडा हातात मस्त बसायचा. रंग शांत. हळदीचा पिवळा तो पिवळाच ठेवायचा, केशरी नाही करायचा. संध्याकाळच्या उजेडात तर जाड्याला तोंडात मारेल असा फोटो. पण उन्हात जरा व्हिडिओ घेतला की तव्यासारखा तापणार, झूम थोडी पुढे नेली की सगळा चिखल, आणि संध्याकाळ झाली की बॅटरीने मान टाकलीच. चार्जिंगही आपल्या सवडीने. 

मी ठरवलं, जाडा. साखरपुडा दिवसभराचा, हॉल लांबलचक, मागे उभं राहून स्टेजवरचं टिपायचं म्हणजे झूम पाहिजे आणि बॅटरी पाहिजे. मनगट काय, बाम लावू.

एवढं सगळं तपासलं मी, पण एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची राहिली नसती. समोरचा कॅमेरा मी एकदाही उघडला नव्हता. लागतोच कोणाला तो? पोरी फोन हातात घेतला की आधी स्वतःचं तोंड बघतात. मी कधीच नाही. कुठल्याच फोनवर नाही.

फोन घ्यायच्या दिवशी दादा आणि भाची बरोबर होते. दादा कार्ड काढून तयार. भाचीने जाडा उचलला, माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आत्या, इकडे बघ." टिक.

स्क्रीनवर भाचीच्या शेजारी एक बाई होती. गव्हाळ, गुळगुळीत, ओठांच्या कडा एकसारख्या, डोळ्यांभोवती काही नाही. साडी माझी होती. मी आधी मागे वळून बघितलं, खरंच सांगते, कोणी मध्ये आलंय का म्हणून.

दादाने फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा असा खुलला! "अरे वा! झकास! काहीच दिसत नाही गं! बघ ना, काहीच नाही!" आणि मग अगदी मायेने, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता तू पण येत जा ना फोटोत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिडवलं असतं तर मी तिथल्या तिथे परत दिलं असतं, मला येतं ते. पण हा खुशीत बोलत होता. इतकी वर्षं मला बाहेर ठेवलं याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि आता त्यावर उपाय सापडला होता. उपाय काय, तर मला पुसायचं आणि मग आत घ्यायचं.

विक्रेत्याला म्हटलं, हे बंद कर. त्याला वाटलं एसी. "हे तोंड धुणं बंद कर," म्हटलं. त्याने सेटिंग उघडली, सगळं शून्यावर आणलं. पुन्हा काढला. आता डाग अर्धे आले होते, राखाडी, फडकं अर्धवट मारलेल्या लादीसारखे. मागच्या कॅमेऱ्याने घेतला, त्यातही तेच, जरा कमी. मी म्हटलं, सडा दे.

सड्याने काढलेला फोटो मी किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. सगळं होतं. ओठाच्या डावीकडचा, मी लहानपणापासून ओळखते तो. हनुवटीवरचा मोठा. डोळ्यांभोवतीचे. आणि डाव्या पापणीचे काही केस पांढरे झाले होते, ते मला ठाऊकच नव्हतं. आरशात चष्मा काढून बघते ना मी, दिसणार कसे? चांगले दिसत होते. 

"हा घ्यायचा," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "तूच म्हणालीस ना याची बॅटरी फालतू आहे? तापतो, झूम नाही, सगळं तूच सांगितलंस."

"हो, मीच सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. तो मला दाखवतो."

दादाने आवाज खाली आणला. "अगं, मुलाकडच्यांनी तुला बघितलंय, त्यांचं काही नाही. पण फोटो ग्रुपवर जाणार. गावाला जाणार. उगाच कोणी तरी काही तरी विचारणार. कशाला?"

"विचारू दे ना! माझं तोंड आहे, चोरीचा माल आहे का?"

हे जरा जोरात झालं. शेजारी मिक्सर बघणारं जोडपं मिक्सर सोडून आमच्याकडे बघायला लागलं. भाची दादाला म्हणाली, "बाबा, पुरे ना." दादाचं डोकं फिरलेलंच होतं. म्हणाला, पैसे देणारा मी आहे. मग माझंही फिरलं. एवढी वर्षं अंधेरीच्या ऑफिसात फायली उपसतेय, ते काय दादाच्या कार्डावर फोन घ्यायला? मी माझं कार्ड पुढे केलं. सडा घेतला. दादाने हट्टाने, माझ्याकडे न बघता, जाडा घेतला. विक्रेत्याचा दिवस मात्र सोन्याचा गेला.

साखरपुड्याला त्यामुळे दोन्ही फोन हजर. आणि सांगायला लाज कसली, दिवसभर जाड्यानेच बाजी मारली. दादा मागच्या रांगेत ऐसपैस बसून स्टेजवरच्या अंगठ्या टिपत होता. मी स्टेजच्या पायऱ्यांशी धक्के खात होते. दुपारी व्हिडिओ घेताना सडा एवढा तापला की मी त्याला पदराने वारा घालत होते. जेवणाआधीच बॅटरी लाल. काठपदराच्या साडीवर खांद्याला पर्स, पर्समध्ये पॉवर बँक, त्यातून लोंबणारी वायर. दादा शेजारून जाताना म्हणाला, "सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "तू काय सांगितलंस? मीच सांगितलं होतं." थोड्या वेळाने पॉवर बँकेनेही राम म्हटला.

मग घरच्यांचा फोटो. सगळे स्टेजवर चढले. भाची आणि जावई खुर्च्यांवर, मागे वहिनी, काका, काकू, मुलुंडहून आलेले व्याही, पोरंटोरं. आणि नेहमीसारखे सगळे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. कोणी काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने सगळ्यांच्या माना बरोबर माझ्याकडे वळल्या. दादा मध्यभागी उभा राहून म्हणाला, "चल गं, काढ पटापट."

मी स्टेजवर गेले. माझा फोन दादाच्या हातात दिला.

"तू काढ."

"मी? अगं, मी मुलीचा बाप आहे!"

"मी आत्या आहे."

"अगं पण..." त्याने इकडेतिकडे बघितलं. व्याही पुढे झाले, "आणा, मी काढतो." मी म्हटलं, तुम्ही उभे राहा, दादा काढेल. मी हलले नाही.  

"दादा," मी म्हटलं, "फोटो कोणी तरी काढायलाच लागतो ना."

हे वाक्य त्याचंही ऐकलेलं होतं. आमचीच आई. तो मान खाली घालून पायऱ्या उतरला. भाचीने एक रिकामी खुर्ची सरकवली आणि मला ओढून स्वतःच्या बाजूला बसवलं. काय करायचं असतं हातांचं, फोटोत? मला ठाऊकच नव्हतं. मी ते मांडीवर ठेवले, पांढऱ्या बोटांसकट, आणि समोर बघितलं.

"जरा जवळ या," दादा म्हणाला. 

एक काढला. मग फोन पुढे करून म्हणाला, "आता मला पण घे ना." मी फोन घेतला, आणि सड्याने त्याच क्षणी मान टाकली. दादा खिशात जाडा शोधेपर्यंत जेवणाची पानं मांडल्याची हाक आली आणि स्टेज रिकामं झालं.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि तो फोटो मी ग्रुपवर टाकला. नीट काढलाय त्याने. उजेड बरोबर, सगळी डोकी आत. मी आहे, आहे तशी. उजव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय.

माझ्या तोंडाबद्दल कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच, आणि लगेच विचारलं. आधी काकूने, मग गावच्या मावशीने, मग आणखी कोणी कोणी. दादा कुठे आहे? दादा का नाही फोटोत? दादा दिसत नाही?

कपाटभर अल्बम आहेत आमच्याकडे, आणि माझ्याबद्दल हे कोणी एकदाही विचारलं नव्हतं. मी चष्मा काढला. डोळे पुसले. मग लिहिलं, "तो फोटो काढत होता."