धरण दाखवण्याचा कार्यक्रम

वडील सुरतेत पाटबंधारे खात्यात होते आणि उकाईचं धरण नुकतंच भरलं होतं. त्याच सुमारास माझं लग्नाचं वय झालं. वडिलांनी दोन्ही कामं एकदमच हाती घेतली.

स्थळं यायची जळगाव-धुळ्याकडून. सकाळी आमच्याकडे पोहे, माझी मान खाली, "स्वयंपाक येतो ना?" वगैरे. ते आटोपलं की वडील घसा खाकरून म्हणत, "तुमच्या परतीच्या वाटेवरच आहे. धरण बघूनच जा." मग डबे घेऊन आम्हीही सोबत. मुला-मुलीला जरा बोलता येईल, असं कारण पुढे केलं जाई. प्रत्यक्षात बोलत ते वडीलच. पाणी किती खोल, दरवाजे कसे उघडतात, सगळं त्यांना तोंडपाठ. पाहुणे आमच्या पुऱ्या संपवून, खूश होऊन सोनगढला गाडीत बसत आणि आठवडाभरात नकार कळवत. नकारातही धरणाची तारीफ असे. खानदेशात आमच्या घराचा बोभाटा झाला असावा, अशी मला दाट शंका होती. मुलगी बघायला जा, फुकटात सहल होते.

आणि एका स्थळाने चक्क होकार दिला, तोही धरणाच्या पाण्यात फिरताना, लाँचमध्येच. मुलगा बँकेत होता. तो माझ्या शेजारी बसला होता, पण पाठ माझ्याकडे करून. त्याची आई पाण्याकडे बघत मला म्हणाली, "कितलं पानी शे हाई! आते दरसाल येवाले भेटी." आता दरवर्षी यायला मिळणार, म्हणजे होकारच! वडिलांचा चेहरा उजळला. माझं डोकं मात्र तापलं होतं.

घरी आल्यावर मी सरळ नाही म्हणाले.

"मुलात खोट काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"खोट काही नाही. पण त्याने दिवसभरात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उद्या स्टेशनवर भेटले तर ओळखायचा नाही मला." एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. इतक्या नकारांना रडले नव्हते.

वडील बराच वेळ शर्टाची बटणं काढत उभे राहिले. मग म्हणाले, "त्याला कशाला बोल लावायचा? मीसुद्धा त्याला पाणीच दाखवत होतो."