खेळातली संत्री

मी व्हिडिओ गेमवर लिहिते. हे नागपुरात कुणाला सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "आणि काम काय करता?" आठ वर्षं झाली याला. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत महिन्यातून दोनदा माझा लेख येतो. येतो कुठे, तर मुलांच्या पानावर, 'ठिपके जोडा, ससा शोधा'च्या शेजारी. संपादकांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, की अहो, हे लहान मुलांसाठी नाही. चाळीस-चाळीस तास खेळून, एकेक गोष्ट तपासून लिहिते मी. ते "हो हो, मॅडम" म्हणतात आणि लेखाच्या शेवटी पदरची एक ओळ जोडतात: मुलांनी दिवसातून अर्धा तासच खेळावे.

संपादकांचं एक वेळ सोसेन. पण बाबांनीही माझा एकसुद्धा लेख वाचला नव्हता. नरखेडकडे आमची संत्र्यांची बाग आहे. तिथे पेपर येतो आणि बाबा तो बाजारभावापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत वाचून काढतात. माझं पान तेवढं घडी घालून बाजूला. "खेळाचं काय वाचाचं वं?" म्हणतात. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईट त्याहून जास्त वाटायचं. त्यांनी एक, फक्त एक लेख वाचावा एवढंच मला हवं होतं.

या हिवाळ्यात गुडघ्याच्या उपचारासाठी बाबा पंधरा दिवस माझ्याकडे राहिले. तेव्हा माझ्याकडे परीक्षणाला नेमका शेतीचा खेळ होता. विहीर, गाई, फळझाडं, सगळं पडद्यावर. झाडांत चक्क संत्रीसुद्धा. मी मुद्दामच कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. दोन दिवसांत बाबा असे रंगले की चहा गार व्हायला लागला.

मग एका दुपारी मी भाजी घेऊन आले, तर बाबा पडद्याकडे डोळे वटारून बसलेले. बाराच्या बारा झाडं वाळलेली. खेळातला शेजारी कंबरेवर हात ठेवून उभा, आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजीत एक वाक्य.

"काय म्हणून राहिला हा?"

"म्हणतो, तुम्ही आळशी आहात. पाणी दिलं नाही म्हणून झाडं मेली."

"आळशी? मी?" गुडघा विसरून बाबा उठायलाच निघाले. "मुद्दाम तोडलं मी पाणी! ताण देल्ल्याशिवाय संत्र्याले बहार येते काय? झाड जरा सुकलं पाह्यजे, मंग पाणी सोडलं का फूलच फूल. या बयताडाले एवढंबी समजत नाही?"

तीन दिवस पाणी नाही की झाड मेलं, असा त्या खेळाचा नियम. मी तरी काय करणार? बाबांनी पुन्हा बारा झाडं लावली, पुन्हा पाणी तोडलं, पुन्हा शेजाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. रोज पाणी घाला म्हणून मी विनवलं, तर म्हणाले, "चुकीचं काम मी करत नसतो." माझं डोकं उठलं. पण लेख मात्र मिळाला. बाबांच्या ताणावर मी अख्खा परिच्छेद लिहिला आणि त्यांना सांगूनही टाकलं.

रविवारी बाबा आंघोळ करून, चष्मा पुसून पेपर घेऊन बसले. ओळीखाली बोट धरून माझा लेख वाचत गेले. अर्ध्या तासाच्या उपदेशापर्यंत पोचले, मग पुन्हा वरून सुरू केलं.

"माह्यावालं कुठं हाये?"

परिच्छेद उडवला होता. संपादकांना फोन लावला, तर म्हणे, "मॅडम, मुलांना बागेत काय रस?" मी फोन आपटला आणि बाबांपुढेच सुरू झाले. मुलांचं पान, तो ससा, आठ वर्षं कुणी माझं काम काम समजत नाही, काय एकेक बाहेर काढलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ दे. तू लिहिलं होतं ते वाच."

मी लॅपटॉप उघडला. बाबा सावरून बसले. मी बऱ्यापैकी ऐटीत वाचायला लागले: "बहाराआधी संत्र्याच्या झाडांचं पाणी आठ-दहा दिवस तोडतात..."

बाबांनी हात वर केला. "आठ-दहा? आपली भारी जमीन हाये, ओल धरून ठेवते. दीड-दोन महिने लागते. कोणाले विचारून लिहिलं?"

कुणालाच नाही. खेळातल्या झाडाचे तीन दिवस मी घड्याळ लावून मोजले होते. हे अंदाजाने ठोकून दिलं होतं.

"मले काहून नाही विचारलं?" बाबा म्हणाले. "मी त इथंच बसलो होतो."