बिनटपाच्या गाडीची कमान

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती निघत नाही. जोयड्यात यांचं गॅरेज. दिवसभर जीपची कामं: कुणाचा क्लच, कुणाचा ब्रेक, कुणाचा स्प्रिंगचा पाटा मोडलेला. इकडच्या रस्त्यांच्या कृपेनं काम कधी संपत नाही, आणि घर त्यावरच चालतं. सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस यांना मोबाइलवर एक गाडी दिसली. जुन्या काळातली परदेशी स्पोर्ट्स कार. दोघांपुरती, बुटकी, लांब नाकाची, आणि वर छप्परच नाही! खरी घ्यायची तर सात जन्म पुरायचे नाहीत, म्हणून हे म्हणाले, आपण तिची हुबेहूब नक्कल करू. रेप्लिका म्हणतात म्हणे तिला.

"इथं पाऊस लागला की कपडे वाळत न्हाईत, आणि तुम्ही बिनटपाची गाडी करणार?" मी म्हटलं. "त्यापेक्षा घराची कौलं काढा की ओ. तेवढाच वारा लागंल."

हे नुसते हसले. एका मोडक्या जीपची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तिचंच इंजिन आणि बेळगावहून टेम्पोत घालून आणलेली फायबरची बॉडी, असं जमवत जमवत गाडी उभी राहिली. हिरवीगार. खोटं कशाला बोलू, देखणी होती. सीटच्या मागं, डोक्यांच्या वर येईल अशी एक चकचकीत स्टीलची कमान लावलेली. देवळात रांगेसाठी कठडे करतात ना, तसल्या पाइपची.

"ही कशाला?"

"रोल बार. वर छप्पर न्हाई न्हवं? गाडी उलटली तर वजन हिच्यावर येतं. आपली डोकी वाचतात."

"शुभ बोल रे नाऱ्या," मी म्हटलं आणि आत जाऊन देवापुढं दिवा लावला.

आता काकूबद्दल सांगते. माझं माहेर कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत. मी पाळण्यात असतानाच आई गेली, आणि चुलत्याच्या बायकोनं मला पदराखाली घेतलं. तिची स्वतःची पोरं होती, पण पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. शिव्याही पहिल्या मलाच. माझं हे फटकळ तोंड तिच्याकडूनच आलेलं आहे. तिला काही झालं तर मी जगात कुणाकडं बघायचं, हा विचार लहानपणापासून माझ्या पोटात घर करून आहे, अजूनही.

आमच्या भागात बस मोजक्या, त्यामुळं एक रीत पडलीय. रस्त्यावर कुणी हात केला की गाडी थांबते. जागा आहे की नाही हे चालवणाऱ्यानं ठरवायचं नसतं, चढणाऱ्यानं ठरवायचं. जीपच्या मागं लोंबकळत, पिकअपच्या दांड्याला धरून, कसंही जावं. पण हात केलेल्या माणसाला सोडून जो पुढं जाईल, त्याला वाडीत कुणी ‘ये, बस’ म्हणत नाही.

तर नवी गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदा माहेरी गेलो. परत निघालो तशी काकू कणग्यांची, म्हणजे रताळ्यासारख्या कंदांची, पाटी घेऊन आली. तिला जोयड्याच्या बाजाराला यायचं होतं. ती सरळ मागच्या डिकीवर चढून बसली, कमानीखालून पाय आत सोडले, पाटी मांडीवर घेतली आणि एका हातानं कमान धरली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. धरायला दांडा असला की झालं, हा आमचा हिशोब.

पहिल्याच वळणावर मागं कटकन आवाज झाला. वळून बघते तर कमान उपटून काकूच्या हातात! खाली फायबरचा टवका लोंबतोय आणि कणग्या रस्ताभर. म्हातारी पडली नाही ती देवाची कृपा.

"जावयबापू," काकू म्हणाली, "घ्या ह्यो तुमचा दांडा. आमच्या गोठ्यातल्या खुंट्याला बी ह्याच्यापक्षा जोर हाय."

मी पोट धरधरून हसले. हे हसले नाहीत. घरी आल्यावर ताट पुढं केलं तर बाजूला सारलं.

"म्हातारीच्या हातानं निघाली," हे म्हणाले. "गाडीचं वजन काय पेलणार होती? दिसायला बरी म्हणून फायबरलाच बोल्ट मारले मी. आणि तिच्याखाली तू बसणार."

मग मात्र माझं हसू पळालं.

दुसऱ्या दिवसापासून जुनी कमान भंगारात. जाड सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा पाइप आणला, त्यात वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना पिचत नाही. नवी कमान फायबरला शिवलीसुद्धा नाही. बॉडीला भोकं पाडून तिचे पाय खाली चासीपर्यंत नेले, तिथं जाड प्लेट लावून वेल्डिंग केलं, मागं दोन टेकू दिले, मधे एक तिरपा पाइप घातला. उंची ठरवायला मला कामाला लावलं. हे सीटवर बसले, आणि मी पुढच्या काचेच्या चौकटीवरून कमानीच्या माथ्यापर्यंत फळी धरली. गाडी उलटली की जमीन त्या फळीच्या जागी येते, म्हणून डोकी फळीच्या चांगली खाली राहायला पाहिजेत. यांचं डोकं फळीला टेकलं. सीट खाली घेतली, कमान वर केली, तेव्हा कुठं समाधान झालं. मग खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे रुंद पट्टे लावले. पट्टा नसेल तर कमान असून उपयोग नाही, माणूस गाडीतून बाहेर फेकला जातो, असं यांचं म्हणणं. एवढं सगळं करून शेवटी म्हणाले, "आता डिकीवर कुणी बसायचं न्हाई. कुणी म्हणजे कुणीच."

यावरून आमची जी जुंपली! "लोकांना काय तोंड दाखवू मी? रिकामी डिकी घेऊन माणसांच्या अंगावरनं जायचं?" पण हे ऐकेनात. "कमान दोघांची हाय," एवढंच.

भात कापून झालं होतं त्या दिवसांत आम्ही पुन्हा माहेरी गेलो. काकूला डोळे दाखवायला जोयड्याला यायचं होतं आणि बस आलीच नव्हती. नेम असतात ते परक्यांना, काकूला कसले नेम? ती पिशवी घेऊन डिकीपाशी येऊन उभी. हे खाली उतरले, हात जोडले.

"काकू, रागवू नका. मी घरी जाऊन जीप घेऊन येतो तुमच्यासाठी."

"जीप कशाला? पालखीच आना की."

मी म्हटलं, मी उतरते, तिला माझ्या जागेवर बसवा. तर ती माझ्यावरच उखडली. "तुला रस्त्यात उतरवून मी बसू व्हय?" आणि यांच्याकडं वळून म्हणाली, "मानसाला टाकून जाणाऱ्या गाडीचं बरं न्हाई व्हायचं." पाठ फिरवून चालायला लागली.

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पट्टा लावला आणि तोंड फिरवून बसले. हे काही बोलायला गेले तर म्हटलं, "गप चालवा."

थोडं पुढं गेलो असू. रानातून एकदम गवा रस्त्यावर आला. केवढं ते धूड! यांनी गाडी बाजूला काढली, चाक कडेवरून घसरलं आणि आम्ही खालच्या शेतात गेलो. आकाश पायाखाली गेलं एवढंच कळलं. मग सगळं शांत. मी पट्ट्याला उलटी लटकलेली, आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर भाताची खुंटं. कमान मातीत रुतली होती, पण उभी होती.

"हायेस का?" हे म्हणाले.

"हाय."

"पट्टा तसाच सोडू नको, डोक्यावर पडशील. आधी हात टेक खाली."

मळणीवरची माणसं पळत आली, गाडी कलती करून आम्हांला ओढून काढलं. यांच्या कपाळावरून रक्त येत होतं, माझा खांदा नुसता ठणकत होता. बाकी आम्ही धड होतो. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. यांनी पाइप तापवला, फळी धरायला लावली, पट्टे आवळले, तेव्हा मी किती कुरकुर केली होती! त्या मातीत बसून मी यांचा हात धरला आणि सोडेचना.

तेवढ्यात एक पिकअप थांबली आणि तिच्यातून काकू उतरली. उलटलेली गाडी बघून तिथूनच ओरडत आली, स्वतःच्या तोंडावर मारून घेत. "माझ्या जिभेला आग लागो! मीच बोलले गं, माझंच बोलनं लागलं!"

मी तिचे हात धरले. ती ऐकायलाच तयार नव्हती. शेवटी तिला ओढत गाडीच्या मागं नेलं. डिकी बांधाच्या दगडावर आपटली होती. कमानीच्या पुढं सगळं जागच्या जागी, आणि मागं फायबरचा भुगा. दगड पार आत घुसला होता.

"इथं बसणार होतीस तू," मी म्हटलं.

काकूनं खाली वाकून त्या दगडावर हात ठेवला. हे लांबच उभे होते, तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. ती त्यांच्यापाशी गेली, दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"काकू, माफ करा," हे म्हणाले. "तुम्हाला रस्त्यात सोडलं मी."

"सोडलासा म्हनून हाय की मी," काकू म्हणाली, आणि पदरानं त्यांच्या कपाळाचं रक्त पुसायला लागली.