वाढत्या अंगाचे टायर

आमच्या साडूंइतकं दुसऱ्यांच्या गाड्यांवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. निरपेक्ष अशासाठी, की त्यांची स्वतःची गाडी कधीच नव्हती. चालवायलाही ते शिकले नाहीत. शेवगावच्या पेठेत त्यांचं तयार कपड्यांचं दुकान, दुकानामागेच घर, त्यामुळे जन्मभर त्यांना जायचं होतं ते पडद्याच्या अलीकडून पलीकडे. पण कुणाची चारचाकी दारात येऊन थांबली, की ते आधी पाहुण्यांना नाही, चाकांना भेटायचे. पाहुणा रामराम घालून उभा आणि आमचे साडू त्याच्या पायाशी उकिडवे बसलेले. नव्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ आपल्या पाया पडताहेत. तो संकोचून "अहो, हे काय!" म्हणत मागे सरायचा, आणि साडू त्याला हातानेच बाजूला करत म्हणायचे, "सरका जरा, माप दिसंना."

हे मापाचं वेड मूळचं कपड्यांतलं. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून फिरून यायची, आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्याचा आकडा त्यांच्या मनात पक्का झालेला असायचा. मग गिऱ्हाईक काहीही मागो. जून महिन्यात शाळेचे गणवेश घ्यायला आलेल्या आयांशी त्यांचं दरवर्षी भांडण व्हायचं. आपल्याकडे लेकराचा कपडा वाढत्या अंगाचा घ्यायची रीतच आहे. बाह्या बोटांच्या खाली, चड्डी गुडघ्यांच्या खाली, पण दोन वर्षं बघायला नको. साडूंना ही रीत मान्य नव्हती. एकदा मी दुकानात बसलो असताना एका बाईंना त्यांनी विचारलं, "बाई, पोरगं शाळंत आत्ता चाललंय का दोन वर्सांनी?"

"तुमाला इकायचंय का न्हाई?" बाई चिडल्या.

"इकायचंय की. पन ह्याला. ह्याच्या अंगात पुढं जो पोरगा येनार हाय त्याला न्हाई."

बाई समोरच्या दुकानात गेल्या. पडद्यामागून ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आवाज आला, "घालवलं का आनखी एक?" साडू शांतपणे सदऱ्याची घडी घालत होते. धंद्यात ते फार पुढे गेले नाहीत याचं कुणालाच आश्चर्य वाटत नसे. पण शेवगावात ढगळ सदरा घालून त्यांच्या दुकानावरून जायची मात्र कुणाची हिंमत नव्हती.

टायरची गाठ त्यांच्याशी पडली ती राहुरीला, एका लग्नात. मुहूर्त लांबला होता. कार्यालयाबाहेर गाड्यांच्या सावलीला बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या टायरवरची उठावाची अक्षरं वाचली आणि मला येऊन विचारलं, "साडूभाऊ, ह्ये एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा काय भानगड हाय?" मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंची आहे ते. तिसरा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, तो मात्र इंचात. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हंजे छाती, बाही आनि गळा!" ते म्हणाले. "फकस्त तिघंबी येगळं निघाल्यावानी तीन मापांत सांगत्यात." त्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा आमचे साडू गाड्यांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते.

तिथून पुढे त्यांना धरबंद राहिला नाही. खिशातला कापडाचा टेप आता बाहेरही निघू लागला. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला ते एका पुढाऱ्याच्या गाडीपाशी वाकलेले दिसले, म्हणून अंगरक्षक धावत आला. सगळे घाबरले. थोड्या वेळाने पाहतो तर तो अंगरक्षकच गुडघ्यावर बसून स्वतःच्या गाडीचे आकडे आठवून त्यांना सांगत होता. दुसऱ्या एका वेळी पुतण्याच्या जीपमधून नगरला येताना त्यांना कळलं, की पुढची चाकं एका मापाची आहेत आणि मागची दुसऱ्या. कळलं ते करंजी घाटात, चहाला थांबल्यावर. ते परत जीपमध्ये बसलेच नाहीत. पुतण्या म्हणाला, "आवो काका, इथवर आलो की याच चाकांवर." साडू म्हणाले, "तवा मला म्हाईत न्हवतं." आणि ते मागून येणाऱ्या एसटीला हात करून उभे राहिले.

मी जुनी गाडी विकत घेतली तेव्हा ती पहिल्यांदा त्यांनाच दाखवायला नेली. त्यांनी टायरकडे पाहिलं, पण टायरवर विश्वास ठेवला नाही. "ह्ये आधीच्या मालकानं बसवलेले. त्यानं काय दिवं लावले कुनाला ठावं?" असं म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या कडेला, आतल्या बाजूला चिकटवलेला कंपनीचा कागद शोधून काढला. तिथेही एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा. त्यांनी दोन बोटं टायर आणि वरच्या कमानीच्या मध्ये घालून पाहिली, खूश झाले, आणि पहिल्या मालकाला न बघताच सज्जन ठरवून टाकलं. जाताना मला बजावलं, "ह्ये बदलायची येळ येईल तवा मला सांगा. दोघं जाऊ. आनि ध्यानात ठेवा, गाडीचं अंग वाढत न्हाई."

ती वेळ आली तेव्हा मी त्यांना फोन केला, इथवर मी बरोबर वागलो. ते म्हणाले, "बाजाराचा दिस उलटू द्या, येतो." मग जरा थांबून म्हणाले, "नवे टायर बसले का तसंच राहुरीवरनं पुढं जाऊ. मुळा धरान भरलंय म्हनत्यात. डाक्टर म्हनला, बघायचं ते बघून घ्या." त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एका डोळ्याचं दिसणं जवळपास गेलंच होतं, दुसऱ्याचंही हळूहळू जात होतं. त्यांनी हे कपड्याच्या किमतीची चिठ्ठी वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं, आणि मीही त्याच आवाजात ऐकलं.

बाजाराचा दिवस उलटायच्या आतच मी बायकोला घेऊन इथल्याच, नगरच्या केडगावातल्या एका दुकानात गेलो. नुसती चौकशी करायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचं माप परवा येईल. पण मी म्हणतो, एकशेपंच्याण्णव-सत्तर टाका. रिम हीच चालते. गाडी कशी भरलेली दिसेल." शेजारी बायको उभी होती. ती म्हणाली, "घ्या की. जरा रुबाब दिसू दे." मी माझ्या बारक्या चाकांकडे पाहिलं आणि मला ती एकदम किरकोळ वाटली. तासाभरात चारही टायर बसले, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आणि मी दुकानाच्या बाहेर वळण घेतलं तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला. खर्रर्र. स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आतल्या बाजूला घासत होता. दुकानदार म्हणाला, "बसतील हळूहळू." मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

संध्याकाळी साडूंचा फोन आला. "कवा यू?"

मी सांगितलं, की टायर घेतले, घाईच झाली.

"बरं. पन माप?"

"दारावरचंच," मी म्हणालो.

"ब्येस केलंत," ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला, की पुढे मला काही दुरुस्त करून सांगता आलं नाही. "मग या घिऊन. बगू तरी."

त्या दिवसापासून मी माझी गाडी माझ्या साडूंपासून लपवू लागलो. हसू येईल, पण मी पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, ऑफिसात चार लोक ज्याच्या शब्दाला मान देतात असा माणूस, आणि शेवगावला जायचं तर एसटीने जायचो. गाडी सर्व्हिसिंगला आहे, गाडी भाच्याने नेली आहे, गाडीचा विमा संपला आहे. एकदा मी गाडीनेच गेलो, पण ती गावाबाहेर पेट्रोल पंपावर लावून पेठेपर्यंत चालत आलो. बायको मागून धापा टाकत होती. "टायर लपवायला बायकोला पायी हिंडवणारा तुमच्यासारखा तुम्हीच," ती म्हणाली. "सांगून टाका ना एकदाचं. खातात का काय दाजी?" खाणार नव्हते, हे मलाही माहीत होतं. त्यांच्या रागाची मला भीती नव्हतीच. ते खाली वाकतील, आकडा वाचतील, आणि मग वर माझ्या तोंडाकडे बघतील, त्याची भीती होती.

ते दर भेटीत धरणाचा विषय काढायचे. "सांडव्यावरनं पानी पडतंय म्हनत्यात." मी म्हणायचो, जाऊ, गाडी येऊ द्या. भेटी कमी झाल्या. मग नुसते फोन. त्या वर्षी धरण भरलं, रिकामं झालं. पुढच्या वर्षी पुन्हा भरलं. फोनवर ते विचारायचे, टायर कसे चाललेत? मी म्हणायचो, छान.

मग एका सकाळी ताईंचा फोन आला. "ह्यांना आता उजेड तेवढा कळतो," त्या म्हणाल्या. "दुकान भाड्यानं दिलंय. दिसभर पायरीवर बसून ऱ्हात्यात. तुमी येऊन जा." मी गाडी काढली. त्या दिवशी एसटी मनात आली नाही. घाट उतरताना मात्र माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आता त्यांना आकडा दिसणार नाही, असं आलं.

पेठेत त्यांच्या दारापाशी रस्ता अरुंद आहे. गाडी लावायची तर स्टिअरिंग पुरतं वळवावंच लागतं. खर्रर्र. पायरीवर बसलेल्या साडूंनी मान उचलली. मी उतरून रामराम म्हणालो. ते उठले, बॉनेटला हात लावत लावत खाली आले आणि नेहमीसारखे पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मला वाटलं, सवयीने बसले असतील. त्यांनी ताईंकडे फडकं मागितलं, टायरच्या बाजूवरची धूळ पुसली आणि उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लागले. कापडाचा पोत बघावा तसं, सावकाश. एकच्या पुढच्या आकड्याशी बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा त्यावरून फिरलं. मी उभा होतो. 

"वाढत्या अंगाचे घेतलेत म्हना की," ते म्हणाले.

"दाजी, मी तुम्हाला..."

"आसू द्या." ते माझ्या हाताचा आधार घेऊन उठले. "झिजतील, तसे मापात बसतील."

जन्मभर ज्यांनी कुठल्या लेकराच्या आईला बोटभर जास्त कापड दिलं नाही, त्यांनी माझ्यासाठी ते वाक्य शोधून काढलं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज बरा झोपलो असतो.

त्याच दिवशी मी त्यांना मुळा धरणावर नेलं. पाणी भरपूर होतं. ते कठड्याला धरून उभे राहिले, वारा तोंडावर घेत, आणि म्हणाले, "सांगा, कसं दिसतंय." मी पाहिलं आणि म्हणालो, "खूप आहे." "खूप म्हंजे? माप सांगा की, साडूभाऊ." मी प्रयत्न केला. पलीकडचा काठ किती लांब आहे, पाण्याचा रंग कसा आहे, भिंतीवर किती उंचीपर्यंत ओल आहे. मी बोलत गेलो आणि ते मान हलवत गेले. पण दुकानातून गिऱ्हाईक निघून गेल्यावर सदऱ्याची घडी घालताना त्यांचा चेहरा जसा असायचा, तसाच तो आत्ता होता. मला जे सांगता येत होतं ते त्या पाण्याला कुठूनच बेतशीर बसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे स्वतः बघितलं असतं, आणि मला एक शब्द बोलावा लागला नसता.

परत आल्यावर त्याच आठवड्यात मी टायर बदलले. दाराच्या कडेचा कागद वाचून, एकशेपासष्ट, ऐंशी, चौदा, चारही एका मापाचे. दुकानदार म्हणाला, "साहेब, जुने अजून पुष्कळ चालले असते." मी पैसे मोजले. गाडी हलकी वळू लागली, कुठे घासेना, आणि रविवारी मी मोठ्या उमेदीने शेवगावला गेलो. दारापाशी स्टिअरिंग पुरतं वळवलं, गाडी अलगद लावली. साडू पायरीवर बसले होते, तोंड रस्त्याकडे. त्यांनी मान वळवली नाही. मी उतरलो, जवळ गेलो, "दाजी" म्हणालो, तेव्हा ते दचकले.

मी हात धरून त्यांना चाकापाशी नेलं. त्यांनी आकडे चाचपले, दोन बोटं कमानीखाली घालून पाहिली, आणि पहिल्या दिवशीसारखे खूश झाले. "आता बरूबर," ते म्हणाले. चहा झाला, गप्पा झाल्या. मी निघताना ते पायरीपर्यंत आले आणि अंधुक उजेडाकडे बघत म्हणाले, "एक हाय पन. ते घासत हुते तवा तुमी आल्यालं गाडीतनं उतरायच्या आदीच कळलं."

आता मी पेठेच्या तोंडाशीच हॉर्न वाजवतो. साडू मान वर करतात, कान देतात. पण त्या पेठेत हॉर्न सगळेच वाजवतात.