चारसोबीस: एक शब्द आमच्या गल्लीत आला तेव्हा

कोर्टाच्या फाटकाबाहेर अजूनही ओल्या डिंकाचा आणि स्टॅम्पपेपरचा वास रेंगाळत असतो. परवा तिथल्या चहावाल्यानं एका गिऱ्हाइकाला हसत हसत म्हटलं, “तू लई चारसोबीस हायेस!” गिऱ्हाईक चक्क खूश झालं. मी मात्र कप खाली ठेवला.

फसवणुकीच्या कलमाचा हा आकडा आमच्या औरंगाबादेत तसा उशिराच आला. निजामाच्या राज्यात कायदा निराळा. लबाडाला लोक ठग म्हणत, दगाबाज म्हणत. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी हिंदुस्थानचा कायदा लागू झाला आणि वकिलाकडं मुन्शी असलेल्या माझ्या वडिलांच्या तोंडून मी तो आकडा पहिल्यांदा ऐकला. निमित्त झालेल्या प्राण्याला माणूस म्हणायचं ते केवळ रीत म्हणून.

शेजारच्या मुसलमान मावशींचा, आमच्या खालांचा, एकुलता मुलगा पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जालन्याकडं गेला तो परतलाच नव्हता. एके दिवशी हा गोडबोल्या उगवला. ज्यांची माणसं हरवलीत अशीच घरं तो हुंगत फिरे. गल्ली बघून टोपी बदली, भाषा बदली. “तुमचा लेक तुरुंगात भेटला, थंडीनं कुडकुडतोय,” म्हणाला. खालांनी महिनाभर खपून हिरवा स्वेटर विणला. लोकर कमी पडली म्हणून एक बाही तपकिरी. गोडबोल्या परत येऊन तो घेऊन गेला, वर पोटभर जेवूनही गेला.

पुढं वडील कामानिमित्त कन्नड गावी गेले, तर बाजारात तोच स्वेटर त्याच्याच अंगात! गचांडी धरली तेव्हा निर्लज्जपणे म्हणतो कसा, “थंडी लई व्हती, मालक.” आणि हिसडा देऊन गर्दीत पसार झाला.

वडिलांनी त्याच संध्याकाळी फिर्याद लिहिली. “चारसौबीस लगता इसकू, खाला. पक्की सजा होगी.” मग वाचून दाखवलं: मुलाला भेटल्याची खोटी बातमी सांगून...

अंगठ्याला शाई लावून बसलेल्या खालांनी हात मागं घेतला. “झूठी नक्को लिखो, भाईसाब.”

“मगर खाला, वो झूठच बोल्या ना?”

“झूठ लिखे तो फिर मेरा बच्चा किधर है?”

वडिलांनी कागदाची घडी घातली. फिर्याद झालीच नाही, आणि तो नीच मोकळा राहिला. पुढं कुठल्या गल्लीत, कुठल्या आईसमोर तो जेवायला बसला असेल, देव जाणे.

शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, लाडाचेही होतात. होवोत बापडे. मला ‘चारसोबीस’ ऐकलं की शाईनं माखलेला, कागदावर कधीच न उमटलेला एक अंगठा दिसतो.